फुंकणी

आमच्या खोलीत येणाऱ्या बायका पुठ्ठ्याची नळी फुंकणीसारखी धरायच्या. एक हात नळीच्या मधोमध, मान किंचित तिरपी, डोळे बारीक केलेले. समोर चूल नाही, यंत्र आहे, हे डोळ्यांना दिसायचं, पण हातांना पटायचं नाही. फुंकायच्याही तशाच, हळू आणि एका लयीत, राख न उडवता निखारा फुलवावा तशा. "जोरागि ऊदि अज्जी, जोरागि!" मी ओरडायची. कानडीत 'ऊदि' म्हणजे फुंका. अज्जी मान हलवायच्या, पुन्हा श्वास घ्यायच्या आणि पुन्हा निखारा फुलवायच्या.

यंत्राला ही फुंक चालत नाही. छाती गळ्यापर्यंत भरून घ्यायची, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि पहिल्याच क्षणी सगळा जोर लावून हवा बाहेर फेकायची. मग पोट पाठीला लागेपर्यंत, निदान सहा सेकंद, सोडत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा आली आणि एकूण किती आली, असे दोन आकडे मिळतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की श्वासनलिका मोकळ्या आहेत की चिंचोळ्या झाल्यात ते कळतं. सुरुवात हळू झाली तर पहिला आकडा खोटाच लहान येतो आणि धडधाकट बाई कागदावर आजारी ठरते. उलट, दमलेली बाई तिसऱ्या सेकंदालाच थांबली तर एकूण हवा कमी भरते, भागाकार चांगला येतो आणि आजारी बाई निरोगी ठरते. हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. शेवटी मी सांगायला लागले, "अज्जी, चूल विसरा. ताटावर मुंग्या चढल्यात, एका फुंकेत उडवा." मग रेघ नीट यायची.

मी मूळची बेळगावची. मराठी शाळेत शिकले, बी.एस्सी. झाले आणि १९८४ साली लग्न होऊन म्हैसूरला आले. दोन वर्षांनी इथल्या एका इस्पितळात श्वासतपासणीच्या खोलीत नोकरीला लागले. २०२० च्या मार्चमध्ये संसर्गाच्या भीतीने जगभर अशा खोल्यांना कुलपं लागली, तसं आमच्याही खोलीला लागलं आणि त्याच वर्षी मी निवृत्त झाले. मधली चौतीस वर्षं मी लोकांचा श्वास मोजला. ज्या मापाने मोजला, ते माप कुठून आलं, याचा शोध मात्र मी फार उशिरा घ्यायला लागले.

मी शिकले ते पाण्याच्या यंत्रावर. पाण्याने भरलेल्या उभ्या भांड्यात पत्र्याची उपडी घंटा, तिला बांधलेली साखळी कप्पीवरून पलीकडे गेलेली, साखळीला वजन आणि शाईची लेखणी. माणूस फुंकला की घंटा वर उचलली जायची, लेखणी खाली यायची आणि फिरत्या ढोलावरच्या कागदावर वक्र रेघ उमटायची. पाणी बदलणं आणि लेखणीच्या टोकाला साचलेली शाई पुसणं ही माझी सकाळची कामं. पुढे भात्याचं यंत्र आलं, मग संगणक आला. या घंटेचा मूळपुरुष जॉन हचिन्सन नावाचा लंडनचा सर्जन. त्याने १८४६ साली आपला मोठा निबंध छापला. खलाशी, पोलीस, पैलवान, आग विझवणारे, अगदी कंगालखान्यातले लोकसुद्धा, अशा दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने घंटेत फुंकायला लावलं होतं. त्याला वाटलं होतं, रुंद छातीच्या माणसात हवा जास्त मावत असेल. निघालं वेगळंच. हवा उंचीबरोबर वाढत होती, दर इंचाला सुमारे आठ घन इंच. विमा कंपन्यांनी माणसाचा श्वास मोजूनच विमा उतरवावा, अशी त्याची फार इच्छा होती. तो १८६१ साली फिजी बेटांवर वारला. त्याचा उंचीचा नियम मात्र आजही प्रत्येक यंत्राच्या पोटात आहे. उंची, वय आणि बाई की पुरुष एवढं घातलं की यंत्र सांगतं, या माणसात इतकी हवा असायला हवी होती.

'असायला हवी होती' हे कोणाकडे बघून ठरलं? १९३२ साली कृष्णन आणि वरीद या दोघांनी दक्षिण भारतातल्या १०३ वैद्यकीय विद्यार्थ्यांचा श्वास मोजला. त्याच सुमाराला मद्रासमध्ये एलिनॉर मेसन यांनी दक्षिणी स्त्रियांची मापं घेतली. आकडे युरोपीय लोकांपेक्षा लहान आले. तेव्हापासून एक समजूत रुजली की हिंदी माणसाची छाती जन्मतःच लहान. पुढच्या काळात परदेशी यंत्रांत एक कळ असायची. ती दाबली की युरोपीय अपेक्षेतून दहा टक्के वजा व्हायचे. मीही ती कळ वर्षानुवर्षं दाबली. 'एशियन' असं तिच्यावर लिहिलेलं होतं आणि समोर तर एशियनच बसलेले असायचे. मला कधी प्रश्न पडला नाही.

म्हैसूरला छातीच्या आजारांचा इतिहास सांगायचा तर लोक आधी कृष्णराजसागर रस्त्यावरच्या सॅनिटोरियमचं नाव घेतात. चौथे कृष्णराज वडेयार यांची बहीण राजकुमारी कृष्णाजम्मण्णी क्षयाने गेली. तिच्या नावाने शंभर वर्षांपूर्वी ते उभं राहिलं. क्षयाला इमारत मिळाली, बेडक्यातला जंतू मिळाला, एक्स-रेवरचा डाग मिळाला. हळूहळू कोंडत जाणाऱ्या श्वासाला यातलं काहीच नव्हतं. बेडक्यात जंतू दिसत नाही, आणि साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काही सापडत नाही. आपल्या देशात छातीचे डॉक्टर घडले तेच मुळी क्षयाच्या वॉर्डांत. त्यामुळे जुना खोकला म्हटलं की आधी क्षय, नाहीतर दमा, म्हणजे इथल्या भाषेत 'उब्बस', आणि हेही नाही तर वय.

विलायतेत श्वास कोंडणाऱ्या या आजाराकडे लक्ष गेलं ते धुक्यामुळे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर साचून राहिला आणि तेव्हाच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसं जास्तीची दगावली. त्याआधी १९४७ साली पॅरिसमध्ये तिफनो यांनी पहिल्या सेकंदाची फुंक वेगळी मोजायची युक्ती काढली होतीच. १९५८ साली लंडनच्या एका बैठकीत तज्ज्ञांनी या आजारासाठीचे शब्द ठरवले, आणि १९६० साली ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलची प्रश्नावली आली. तुम्हाला हिवाळ्यात सकाळी उठल्याउठल्या खोकला येतो का? सपाटीवर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना धाप लागते का? सिगारेट किती ओढता?

हे प्रश्न म्हैसूरच्या बाईला विचारून बघा. हिवाळा? इथे पंखा बंद करायचे दोन महिने असतात, त्याला हिवाळा म्हणायचं तर म्हणा. सिगारेट तिने आयुष्यात हातात धरलेली नसते. चढाचं म्हणाल तर चामुंडीच्या डोंगराला हजार पायऱ्या आहेत, सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयारांनी बांधलेल्या. आषाढातल्या शुक्रवारी शहर त्या पायऱ्या चढतं. धाप लागायला लागलेली बाई काय करते? आधी वाटेतल्या नंदीपाशी जरा जास्त वेळ बसते. पुढच्या वर्षी नंदीलाच हात जोडून परत फिरते. त्याच्या पुढच्या वर्षी बसने जाते आणि म्हणते, बसची किती छान सोय झालीय. तिला विचारलं, धाप लागते का, तर ती खरंच सांगते की नाही लागत. जिथे लागायची ती वाटच तिने सोडलेली असते.

धूर चुलीचाही असू शकतो हे आपल्याकडे पहिल्यांदा कोणी ठासून सांगितलं, तर दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी. १९५० च्या दशकात उजव्या बाजूचं हृदय थकलेल्या बायका त्यांच्याकडे येत. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या, जन्म चुलीपुढे काढलेल्या बायका. खराब आधी फुप्फुस झालेलं, हृदय मागाहून. मुंबईत केईएमचे डॉ. कामत यांनी सत्तरच्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि त्यांच्या तुलनेला एक ग्रामीण भाग घेऊन हवेचा अभ्यास मांडला. आणि २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी, म्हणजे हाच हळूहळू श्वास कोंडत नेणारा आजार, हा जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येचा आजार आहे. पद्मावतींपासून इथवर यायला पन्नास वर्षं लागली. मला याचा राग येतो. ती पन्नास वर्षं बायका चुलीपुढेच होत्या.

धूर मोजायचा कसा, हाही प्रश्नच होता. सिगारेटी मोजता येतात. चंडीगडच्या डॉ. बेहेरा यांनी सोपा गुणाकार काढला, रोजचे चुलीपुढचे तास गुणिले वर्षं. म्हैसूरचे डॉ. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायका तपासून २०१३ साली मांडलं की हा गुणाकार ६० च्या वर गेला की जुनाट खोकल्या-कफाचा धोका ठळकपणे दिसायला लागतो. साठ म्हणजे रोज तीन तास आणि वीस वर्षं. खेड्यातली मुलगी बाराव्या वर्षी चुलीपुढे बसली तर बत्तिसाव्या वर्षी ती साठीला पोचते. इथे जळण म्हणून तुतीच्या वाळक्या काड्या लागतात, रेशमाचा मुलूख ना हा. शिवाय नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या.

आता माझ्या घरचं सांगते.

माझ्या सासूबाईंचा जन्म १९३९ चा, मंडी मोहल्ल्यातल्या मिशन हॉस्पिटलातला. त्यांचं माहेर तीन पिढ्या म्हैसुरात असलेलं मराठी घर, बोलण्यात अर्धी कानडी मिसळलेली. त्या सांगायच्या, "मी जन्मले तेव्हा इतकी लहान होते, की आमच्या आईनं मला सुपात निजवलं होतं." आम्ही हसायचो. पन्नाशी उलटल्यावर त्यांना सकाळचा खोकला लागला. एका डॉक्टरांनी दमा म्हटलं. दुसऱ्यांनी बेडक्यात काही सापडलेलं नसताना सहा महिने क्षयाची औषधं दिली. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते म्हणून बिचाऱ्या घाबरून कोणाला सांगत नसत. मी रोज वीस माणसांचा श्वास मोजून घरी यायची आणि त्या मला चहा करून द्यायच्या, जिन्यावरून वर येताना मध्ये कठड्याला धरून उभ्या राहायच्या. मी ते बघायची. वय झालं, असं मलाही वाटायचं.

२००४ साली मी त्यांना आमच्या खोलीत घेऊन गेले. त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. प्रश्नावलीत लिहिलं होतं, स्वयंपाकाचं इंधन कोणतं? "गॅस," त्या म्हणाल्या आणि मी गॅसपुढे खूण केली. मग पेन थांबलं. गॅस आमच्या घरी १९७९ ला आला. त्याआधी बावीस वर्षं लाकडाची चूल, रोजचे चार तास, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. आणि न्हाणीघर? तांब्याचा हंडा, खाली करवंट्यांचा जाळ, खिडकी वीतभर. घरातल्या नऊ माणसांचं पाणी त्या पहाटे तापवायच्या, गॅस आल्यावरही, तीस वर्षं, रोज दीड तास. आणखी पंचेचाळीस. एकशे तेहतीस. कागदावर मी लिहिलेलं होतं 'गॅस', म्हणजे शून्य. आंघोळीचं पाणी कशावर तापवता, हा प्रश्न त्या कागदावर नव्हताच. त्या दिवसापासून मी तो प्रत्येकीला विचारला.

मग उंची. त्यांच्या पाठीला बाक आलेला. भिंतीला लावून मोजली तर १४६ सेंटीमीटर. अशा माणसाची उंची हात पसरून मोजतात, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत. आपल्याकडे या मापाला जुना शब्द आहे, वाव. विहिरीचं पाणी किती वाव खोल, असं आजोबा म्हणायचे. सासूबाईंची वाव भरली १५२. बाक यायच्या आधी त्या साधारण तेवढ्या उंच असणार.

नाकाला चिमटा लावला, त्या फुंकल्या. श्वासनलिका सैल करणारा फवारा दिला, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकल्या. तीन नीट फुंका जुळेपर्यंत पाच वेळा फुंकायला लावलं. मध्ये एकदा त्यांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी माझा हात धरला. पहिल्या सेकंदाची हवा ०.८६ लिटर, एकूण १.३२. भागाकार ०.६५. २००१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेल्या नियमाप्रमाणे फवाऱ्यानंतरही ०.७० च्या खाली म्हणजे सीओपीडी. या नियमावरही भांडण आहेच. भागाकार वयाबरोबर आपोआप उतरतो, म्हणून एकच रेघ सगळ्यांना लावली तर म्हातारी माणसं विनाकारण आजारी ठरतात आणि तरुण आजारी सुटतात. सासूबाईंच्या बाबतीत शंका नव्हती. वयाचा हिशेब धरूनही त्या रेघेखाली होत्या.

शंका निघाली ती पुढे. आजार किती वाढलाय? उंची १४६ घातली तर युरोपीय कोष्टक म्हणालं, यांच्यात पहिल्या सेकंदाला १.५४ लिटर हवं होतं. म्हणजे आहे ते छप्पन टक्के, मध्यम आजार. वाव १५२ घातली, तर हवं होतं १.७८. म्हणजे अठ्ठेचाळीस टक्के, तीव्र आजार. तीच वाव ठेवून 'एशियन' कळ दाबली, तर १.६०, म्हणजे चौपन्न टक्के, पुन्हा मध्यम. बाई तीच, फुंक तीच, खुर्ची तीच. मी कळ दाबली तर माझ्या सासूबाईंचा आजार एक पायरी खाली जात होता.

मी कळ पुन्हा बंद केली. त्याला कारण होतं. आमच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी मला एका लेखाची झेरॉक्स दिली होती. 'थोरॅक्स' या नियतकालिकातला १९९७ चा लेख, म्हैसूरवरचा. मिशन हॉस्पिटलात १९३४ पासून प्रत्येक बाळाचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर नोंदवून ठेवलेला आहे. इंग्लंडमधले बार्कर, फॉल आणि त्यांच्याबरोबर इथले कुमारन वगैरे मंडळी त्या वह्या शोधत आली. हर्टफर्डशरच्या सुइणींनी १९११ पासून ठेवलेल्या नोंदींवरून बार्कर यांनी दाखवलं होतं, की जन्माला हलकं असलेलं मूल मोठेपणी काही आजारांना जास्त बळी पडतं. म्हैसुरात त्यांनी मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या वस्तीत घरोघर विचारून तिथे जन्मलेली माणसं गाठली, वहीतल्या नोंदीशी जुळवली. त्यातल्या ३८ ते ५९ वयाच्या २८६ जणांना फुंकायला लावलं. जन्मतःचं वजन जितकं कमी, तितकी त्या माणसाची फुंक लहान होती, वय आणि उंची जमेस धरूनही.

त्या २८६ जणांत सासूबाई नव्हत्या. पण सूप होतं. आईच्या पोटात असतानाच कमी पोषणाने ज्याचं फुप्फुस लहान राहिलं, त्याच्यासाठी आपण मापच लहान करून ठेवलं आणि त्याला वंशाचं नाव दिलं, असं मला त्या दिवशी खुर्चीशेजारी उभं असताना वाटलं. २०१५ साली परदेशातल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक तरुणपणीच कमी श्वास घेऊन निघालेले होते. त्यांचा श्वास फार वेगाने घसरलेला नव्हता. सुरुवातच खालून झाली होती. म्हैसूर, पुणे आणि मुंबई ही तिन्ही गावं जगभरच्या एका मोठ्या पाहणीत होती. तिच्यातून पुढे आलं ते हे, की आपल्या भागात कितीतरी माणसांची एकूण हवाच कमी भरते. दोन्ही आकडे सारखेच लहान असले तर भागाकार ठणठणीत येतो. अशी माणसं आमच्या खोलीतून 'अडथळा नाही' असा कागद घेऊन, धापा टाकत, घरी गेली आहेत. किती, ते मी मोजलेलं नाही.

२०१२ साली जगाची नवी कोष्टकं आली तेव्हा त्यांत चार वंशगट होते आणि आपल्यासाठी 'इतर' असा रकाना. अलीकडे, २०२३ पासून, वंशाचा रकानाच काढून सगळ्यांना एक कोष्टक लावा असं अमेरिकेच्या छातीतज्ज्ञांची संस्था सांगते आहे. त्यालाही विरोध आहे. एक कोष्टक लावलं तर कित्येक धडधाकट माणसांना आजारी म्हणावं लागेल, नोकरीच्या तपासणीत नापास करावं लागेल, आणि त्या माणसाचा यात काय दोष? मला ही भीती खरी वाटते. तरी कळ दाबून कमतरता दिसेनाशी करण्यापेक्षा ती कागदावर दिसलेली बरी, असं माझं मत आहे. देशात २०१६ साली साडेपाच कोटी लोकांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला होता. कोणत्या मापाने, हे मी आता प्रत्येक आकड्यापुढे विचारते.

सासूबाईंना फवारा सुरू झाला. न्हाणीघरातला हंडा आम्ही काढला. त्या आणखी नऊ वर्षं जगल्या आणि दोन आषाढ नंदीपर्यंत चढल्या, मध्ये बसत बसत.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना जुनी लोखंडी फुंकणी सापडली आणि तिच्याच खाली एका पिशवीत त्यांचे तपासणीचे कागद. आमचं २००४ चं यंत्र उष्णतेच्या कागदावर छापायचं. त्या कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात. वक्र रेघ गेली होती, ०.८६ गेलं होतं, छप्पन, अठ्ठेचाळीस, चौपन्न, काही उरलं नव्हतं. पिवळट कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात फक्त मी बॉलपेनने लिहिलेलं शाबूत होतं: उंची १४६, वाव १५२, हंड्याचा जाळ ३० वर्षं.